श्यामलाबाईंचा बोनस

रोह्याला मुलाकडे राहायला आल्यापासून श्यामलाबाईंना स्वतःची अशी खोली नव्हती. फ्लॅट चांगला, हवेशीर, पण खोल्या दोनच. एक ध्रुव आणि ऋजुताची, दुसरी नात अनन्याची. अनन्याच्या खोलीत बाईंची कॉट होती, आणि तिचा अभ्यास सुरू झाला की बाईंनी हॉलमध्ये जाऊन बसायचं, हे न ठरवताच ठरून गेलं होतं. हॉलमध्ये टीव्ही, ऋजुताचे फोन, येणारेजाणारे. बाईंना कुणी तोडून बोलत नसे. उलट सगळे इतके चांगले वागत की तक्रार करायचीही सोय नव्हती.

बाईंची खरी जागा खाली पार्किंगमध्ये होती. पेणच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक छोटी लाल गाडी घेतली होती. "या वयात ड्रायव्हिंग?" म्हणून यजमान हसले होते. बाई शिकल्या, आणि इतक्या जपून चालवू लागल्या की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकत. पुढे यजमान गेले, पेणचं घर विकलं, गाडी तेवढी त्यांच्याबरोबर रोह्याला आली. दर गुरुवारी बाई ती घेऊन पेणला जात. "जरा कामं आहेत," म्हणून सांगत.

कामं कसली, डोंबल! मैत्रिणी केव्हाच मुलांमागे पुण्याला गेलेल्या. बाई पापडाचं एखादं पाकीट घेत, गावाबाहेर जोहे गावाच्या बाजूला भातशेतांच्या कडेला गाडी लावत, काचा वर करत, थर्मासमधला चहा ओतत आणि मोठ्यांदा बोलू लागत. यजमानांशी, स्वतःशी, कधी जुन्या वर्गातल्या पोरांशी. मग गळा बसेपर्यंत भावगीतं म्हणत. एवढं झालं की शहाण्यासारख्या घरी येत, आणि पुढचा आठवडा हॉलमध्ये हसतमुखाने बसत.

गाडीचा विमा दसऱ्याच्या सुमारास संपायचा. पेणचा एजंट जगन म्हात्रे तो भरायचा. मिठागरावर राबणाऱ्या घरातला हा माणूस, त्याची मुलगी प्रतीक्षा बाईंच्या वर्गात होती. यंदा ध्रुव म्हणाला, "आई, कंपनी बदलूया. ऑनलाइन स्वस्त पडतं. आणि गाडी माझ्याच नावावर करून टाकू, म्हणजे पुढची कटकट माझी."

बाई काय म्हणणार? त्या वाढल्या आणि नांदल्या त्या घरांत जमीन कुणाच्या नावावर आहे हे वाटणीच्या दिवशीच कळायचं. तोवर विचारणं हाच मुळात हलकेपणा. "घरात कसलं आलंय तुझं-माझं!" असं म्हणून त्यांनी सह्या केल्या आणि मोठेपणाच्या भरात दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. एक तरी ठेवून घ्यावी, हे तेव्हा सुचलं नाही.

रविवारी पोहे खाताना नव्या कंपनीचा फोन आला. ध्रुवने स्पीकर लावला.

"सर, हप्त्यात तुम्ही नो-क्लेम बोनसची सूट धरलीय, ती मिळणार नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. इतकी वर्षं क्लेम न करता गाडी चालवली ती मॅडमनी. तो त्यांच्याकडेच राहील. तुमचं शून्यापासून सुरू होणार."

झालं! नाव बदलायचा खर्च, गाडीची तपासणी, त्यात हे. स्वस्त म्हणून काढलेला विमा आधीच्यापेक्षा महाग पडला.

"आईकडे राहून काय उपयोग?" ध्रुव फोन ठेवत हसला. "तिला आता कुठे गाडी घ्यायचीय!"

ऋजुता हसली, बाईही हसल्या. मग त्या बशा उचलून आत गेल्या.

बुधवारी ध्रुव हळूच म्हणाला, "आई, यापुढे हायवेला नको नेऊस हं. आता एक क्लेम झाला तर माझा बोनस सुरू व्हायच्या आधीच जाईल. आणि रस्ताही किती खराब आहे."

ज्या बाईने एक ओरखडा न काढता तो बोनस कमावला, तिलाच हे सांगायचं! बाईंना संताप आला. पण पोरगा काळजीनेही बोलत होता, हीच तर पंचाईत होती. त्या "बरं" म्हणाल्या. ऋजुताने गाडी साफ करून थर्मास, शाल आणि चष्म्याचं घर एका पिशवीत घालून वर आणलं. "आई, तुमचं सामान." ती पिशवी कुठे ठेवावी ते बाईंना कळेना. शेवटी त्यांनी ती कॉटखाली सरकवली. आपण या घरात पाहुण्या आहोत असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि फार एकटं वाटलं.

गुरुवारी त्या एसटीने पेणला निघाल्या. नागोठण्यापर्यंत उभं राहावं लागलं. पुढे खिडकी मिळाली, पण एसटीत मोठ्यांदा बोलता थोडंच येतं? पेणला उतरून त्या थेट जगनच्या ऑफिसात गेल्या.

"बाई! एसटीनं आलाव? गाडी कुठं हाय?"

बाईंनी सगळं सांगितलं. जगनने कपाळावर हात मारला. "मला एक फोन नाय करायचा? आता असूं दे. बोनस बुडत नाय. मी जुन्या कंपनीकडनं बोनसचं पत्र मागवून ठेवतो. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर तिला लागल." मग त्याने विचारलं, "पन बाई, आता गाडी घेऊन तुमाला जायचंय कुठं?"

"कुठंच नाही, जगन," बाई म्हणाल्या. "दार लावून बसायचंय."

जगनने खणातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "बाहेर सावलीत उभी हाय. बसा. मी कुनाला फिरकू देत नाय."

बाई गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं, काचा वर केल्या. आत सुक्या मासळीचा आणि उदबत्तीचा वास होता. त्यांनी गाणं म्हणायला तोंड उघडलं, पण परक्या घरात आल्यासारखा आवाज फुटेना. मग त्यांना रडू आलं. तेही इथे पोटभर रडता येईना, दुसऱ्याची सीट होती. पदराने डोळे पुसून त्या स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ नुसत्या बसल्या.

आत येऊन त्यांनी किल्ली परत दिली.

"माझ्यासाठी एखादी बघ," त्या म्हणाल्या. "जुनी चालेल, लहान चालेल. नाव माझंच लागेल. आणि किल्ल्या दोन्ही मलाच हव्यात."

"घरी काय सांगाल?"

"सांगेन," बाई म्हणाल्या, "की हे माझं आहे."

बोलून झाल्यावर त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. हे वाक्य त्यांनी आजवर बंद काचांच्या आतसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.