केरबाचा हात

लातूर फाट्यावर केरबा मिस्त्रीचं नाव काढलं, की माणसं आधी आपल्या गालाला हात लावतात आणि मग गॅरेजचा पत्ता सांगतात. त्याच्या हातची खाल्ली नाही असा माणूस नांदेडच्या त्या अंगाला मिळणं मुश्कील. गिऱ्हाइकानं खाल्ली, पार्टवाल्यानं खाल्ली, पुतणीच्या लग्नात तर खुद्द नवरदेवाच्या मामानं खाल्ली. का, तर म्हणे त्यानं गाडी आडवी लावली होती! मामा टोपी शोधत फिरला आणि केरबा त्याच पंगतीत मांडी घालून बुंदी खात बसला.

"आधी हाणायचं, मग इचारायचं," असं तो छाती काढून सांगायचा. "हाणल्यावर माणूस खरं बोलतो."

आता काय बोलावं अशा माणसाला! त्याला उलटून हाणणारं माणूस एकच, त्याची बायको महामाया. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं तिच्यावर हात उचलला, तर तिनं चुलीवरचं तापलेलं उलथनं त्याच्या कपाळावर ओढलं. भुवईवर अजून वळ आहे. तेव्हापासून बायकोपुरता त्याचा हात बंद झाला. पोरांवर मात्र चालूच राहिला. थोरला पोरगा आनंदराज वीज खात्यात इंजिनिअर झाला, तिशीला आला, तरी बापानं हात उचलला की गाल पुढंच.

पण बाप-लेकांना जोडणारं एकच काहीतरी होतं, ते म्हणजे गाडी. आनंदराजनं स्वतःच्या पगारातून लाल रंगाची टर्बोवाली गाडी घेतली, आणि केरबानं ती पोटच्या पोरागत जपली. पोटच्या पोरापेक्षा जास्तच म्हणा, कारण गाडीला त्यानं कधी चापट मारली नाही. नाही कसं, मारायचा, पण ती लाडाची. रविवारी तांबडं फुटायला नव्या बायपासवर दोन गाड्या शेजारी-शेजारी लागायच्या. रुमाल पडला की सुटायच्या, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. ह्याला पोरं 'सरळ' म्हणायची. लाल गाडी आनंदराज चालवायचा. रुमाल पडायच्या आधी केरबा तिच्या बोनेटवर थाप मारून ओरडायचा, "हाण!"

सरळसाठी गाडी कशी करायची, हे त्याचं त्यानं ठरवलेलं होतं. स्टेपनी काढायची, मागची सीट काढायची, ड्रायव्हरच्या शेजारची सीटसुद्धा काढायची. वजन नको. आणि ब्रेक ढिले करायचे. मागचे ड्रम सैल, पुढचे पॅड कानशीनं घासून पातळ. चाक बोटानं लोटलं तर फिरत राहिलं पाहिजे, कुठं घासायला नको.

"आन् थांबायचं कसं, मिस्त्री?" शेजारचा टायरवाला शिवप्पा एकदा म्हणाला होता.

"टाकीच्या पुढं कोसभर रस्ता मोकळा हाय की! आपसूक थांबती. ब्रेक भित्र्याला लागतो."

मग वैजनाथचं झालं. वैजनाथ लातूरचा, काळ्या गाडीवाला, हसतमुख पोरगा. टाकीच्या अलीकडं दोन्ही गाड्यांची चाकं एकमेकांना लागली. लाल गाडी हेलकावे खात राहिली, काळी मात्र उडाली आणि हळदीच्या रानात तीन कोलांट्या खाऊन छपरावर पडली. आनंदराज धावला. दार उपटून वैजनाथला ओढायला लागला, तर नुसतं धड येतंय आणि पाय येत नाही! गुडघ्याखाली पाय उलटा फिरून पेडलात अडकला होता. वैजनाथ आईला हाका मारत होता. त्याचं रक्त आनंदराजच्या कोपरापर्यंत आलं.

आणि बाप काय करत होता? वैजनाथचे दोस्त काठ्या घेऊन आले, तर केरबा चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन त्यांच्यावर गेला. एकाचं मनगट असं मोडलं की आवाज रस्त्यावर ऐकू आला. सगळं आटोपल्यावर तोंडावरचा घाम पुसत तो लेकाला म्हणतो कसा, "टाकीला आपुन पयले. हे इसरू नको."

आनंदराज हातपंपावर हात धूत होता. वर न बघता म्हणाला, "अण्णा, बस झालं सरळ."

वैजनाथचा पाय गेला. आनंदराज पुन्हा बायपासवर गेला नाही. पण गाडीचं वेड कुठं जातंय? भोकर रस्त्याला सोमेश नावाच्या माणसानं माळावर छोटा ट्रॅक बांधला होता. वळणं, कुंपण, टायरांच्या थप्प्या, दाराशी अँब्युलन्स. महिन्यातून एक दिवस ज्याची गाडी त्यानं आणायची, हेल्मेट घालायचं, फोन दारावर जमा करायचा, आणि आपापल्या जोरानं फेऱ्या मारायच्या. शर्यत नाही. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. आनंदराज आणि त्याची धाकटी बहीण पंचशीला तिथं नुसतं बघायला दोनदा जाऊन आले.

केरबाला हे कळलं तेव्हा तो थुंकलाच. "गोल गोल फिरायला तू काय घाण्याचा बैल हायस? सरळमधी दोन मर्द असतात, एक जिततो, एक हरतो. हितं कोण हरतं?"

"कुणीच न्हाई, अण्णा."

"मग कशाला जायाचं?"

त्यात सोमेशचं आणि केरबाचं जुनं वाकडं. कधीकाळी गिअर ऑइलवरून केरबानं त्याला भर गॅरेजात थोबाडलं होतं. आपला पोरगा त्याच्या दारात जाणार म्हणजे केरबाची इज्जतच गेली! त्यानं मनाशी ठरवलं, पोराला परत सरळवर आणायचं. देगलूरच्या एका गाडीवाल्याला त्यानं परस्पर आव्हान दिलं आणि पोराला न विचारता शनिवारी गाडी गॅरेजात आणून सकाळपासून ब्रेक ढिले करत बसला. पॅड तर इतके घासले की पत्र्याला टेकायचे बाकी राहिले.

दुपारी तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर काय, काढून ठेवलेली शेजारची सीट गाडीत परत बसवलेली, आणि आनंदराज पान्ह्यानं तिचा शेवटचा नट आवळतोय.

"ही कामून बसवली? वजन वाढतंय की!"

आनंदराज उभा राहिला. हसत होता. "अण्णा, उद्या सोमेशच्या ट्रॅकवर चाललो. तुम्ही—"

पुढचा शब्द आलाच नाही. केरबाचा हात आला. पोराचा ओठ फुटला, पान्हा खाली पडला. फाट्यावरच्या चहावाल्यापासून शिवप्पापर्यंत सगळे बघत राहिले. आनंदराजनं ओठ पुसला, गाडीत बसला आणि निघून गेला.

"जाऊन तर दाखव!" केरबा रस्त्यावर येऊन ओरडला. "तंगडी मोडीन! त्या सोम्याच्या ट्रॅकला काडी लावीन काडी!"

हे सोमेशच्या कानावर जायला वेळ लागला नाही. केरबा मात्र निवांत झोपला. आपली खाल्ल्यावर कुणी जात नसतं, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. आणि जाणारच नाही म्हटल्यावर ब्रेकचं सांगायचं कशाला? ते डोक्यातच आलं नाही त्याच्या.

रविवारी सकाळी पंचशीलाचा फोन आला. ती घाबरतच बोलली, "अण्णा, रागाला जाऊ नका. दादा ट्रॅकवर हाय. आत्ता आत जाईल. मी फोन दारावर ठेवायलेय, तुम्हाला सांगून ठेवावं म्हणून..."

केरबानं तिला शिवी हासडली आणि फोन समोरच्या इंजिनवर फेकून मारला. फोनचे तुकडे झाले. वर लाथही घातली एका तुकड्याला. मग हात कमरेवर ठेवून धापा टाकत उभा राहिला, आणि त्याची नजर बाकड्यावर गेली. कानस तशीच पडली होती. भोवती पॅडचा काळा भुगा.

तो रस्त्यावर धावला.

"शिवप्पा! आनंदराजला फोन लाव! जल्दी!"

शिवप्पानं लावला. घंटी वाजत राहिली. पंचशीलाला लावला, तीही उचलेना. दोघांचे फोन सोमेशच्या दारावर पेटीत पडले होते. पहिल्या फेरीला काही होणार नाही, हे केरबाला माहीत होतं. सगळे हळू असतात. पण एकेका वळणाला ब्रेक तापत जाणार, आणि तसल्या पातळ पॅडचा कोळसा व्हायला किती वेळ? मग पेडल नुसतं खाली जाईल.

त्यानं पिकअप काढली. भोकर रस्त्याला त्या दिवशी जो-जो आडवा आला त्यानं केरबाला शिव्या दिल्या असतील. एका जीपचा आरसा गेला, एका टमटमचं मडगार्ड गेलं, एक म्हैस कशीबशी वाचली. केरबा तोंडानं एकच बडबडत होता, "थांब रं लेका, थांब रं."

ट्रॅकच्या दाराला बांबू आडवा होता. तो मोडून पिकअप आत घुसली. सोमेशनं कालच्या धमकीपायी तालमीतली पाच पोरं उभी केली होती. त्यांनी पिकअपला घेरलं. आता ह्या माणसानं खिडकीतून ओरडून सांगावं की नाही? पण सवय जाते का! पहिला पोरगा जवळ आला आणि केरबाचा हात चालला. पोराचा दात पडला. मग पाचही जणांनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि कुटायला सुरुवात केली.

"ब्रेक!" केरबा लाथा खात ओरडला. "लाल गाडीचे ब्रेक न्हाईत! थांबवा तिला!"

"काल काडी लावतो म्हणला, आज ब्रेक म्हणून राहिला," सोमेश वरून म्हणाला. "बंद पाडायला आलाय ह्यो. हाणा."

बरगडीवर बूट बसला. दोघं छातीवर बसले, एकानं केस धरून तोंड मातीत दाबलं. मातीतूनच केरबाला दिसलं, लाल गाडी पलीकडच्या वळणातून बाहेर पडली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. अजून एक वळण, मग लांबलचक सरळ पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला भिंत.

केरबानं लढायचं सोडलं. छातीवरच्या दोघांना ते विचित्र वाटलं, त्यांची पकड सैल झाली. तो गुडघ्यांवर आला, रक्ताळलेलं तोंड सोमेशच्या बुटांवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले.

"सोमेश, बाबा, पाया पडतो तुझ्या. माझं लेकरू हाय रं त्याच्यात."

सोमेश मागं सरला. पण कुंपणाला उभ्या पंचशीलानं ते पाहिलं. तिच्या अण्णांनी जन्मात कुणाचे पाय धरले नव्हते. ज्यानं मंत्र्याच्या गाडीला वाट दिली नव्हती, तो माणूस आज मातीत नाक घासून राहिला! तिनं शेजारच्या माणसाच्या हातातलं लाल निशाण हिसकलं, कुंपणावर चढली आणि वेड्यासारखी हलवायला लागली.

पट्ट्याच्या मध्यावर आनंदराजला निशाण दिसलं. त्यानं पेडल दाबलं. गाडीचे मागचे दिवे पेटले, पण गाडी थांबेना. त्यानं गिअर खाली ओढले, इंजिन किंचाळलं, स्टिअरिंग गच्च फिरवून त्यानं गाडी आडवी केली. टायरांच्या थप्प्या हवेत उडाल्या. गाडी डाव्या अंगानं भिंतीवर जाऊन आदळली, आणि तो आवाज केरबाच्या छातीतून आरपार गेला.

निशाण दिसलं नसतं आणि पट्ट्याच्या टोकालाच पेडल दाबलं असतं, तर गाडी भिंतीवर समोरूनच गेली असती, असं सोमेश नंतर सगळ्यांना सांगत होता.

आनंदराज उजव्या दारानं बाहेर पडला. डावा हात खांद्यातून लोंबत होता, कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं. अँब्युलन्सवाल्यांना बाजूला सारून तो चालत आला. केरबाला कुणी धरलेलं नव्हतं, तरी तो गुडघ्यांवरच होता.

"ब्रेक तुम्ही ढिले केलते? मला वाटलं, नुसती सीटच काढली."

"हाव."

"काल कामून सांगितलं न्हाई?"

केरबाची मान खाली गेली. "तोंडाआधी हात उठला, लेका."

आनंदराजचा उजवा हात वर गेला. पंचशीला "दादा!" म्हणून ओरडली. केरबानं मान वर करून गाल पुढं केला. आनंदराजनं हाणली. सगळ्या ताकदीनं हाणली, आणि स्वतःच हुंदका दिला. लेकानं बापाला मारलेलं तिथं कुणी कधी बघितलं नव्हतं.

केरबानं तोंडातलं रक्त बाजूला टाकलं.

"हाणलंस न्हवं? बरं केलंस," तो म्हणाला. "आता बोल. काल काय सांगायलता? 'तुम्ही' म्हणला आन् म्या हाणलं. मला वाटलं, म्हणशील, तुम्ही मधी पडू नका."

आनंदराजनं मान हलवली. गाडीकडं बोट केलं. डावं दार आत घुसलं होतं, आणि कालच नट आवळलेली शेजारची सीट चेपून अर्धी झाली होती. तिच्या पायाशी एक नवं हेल्मेट पडलं होतं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

"तुम्ही बी चला म्हणणार होतो, अण्णा. सीट तुमच्यासाठी बसवली व्हती."