सायगाची जुळी

बी.एड.चं वर्ष मी शिवाजी पेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत काढलं आणि माझ्या दोन वर्षांच्या जुळ्या मुलींनी चंदगडकडच्या माझ्या माहेरी, आईजवळ. नवरा सैन्यात, दूर सरहद्दीवर. नव्वदीची सुरुवात होती. शिक्षिका व्हायचं हा माझाच हट्ट होता, त्यामुळे रडायची सोय नव्हती. शनिवारी दुपारची एस.टी. धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं.

सराव पाठाला मला विषय आला प्राण्यांचं अनुकूलन. आमच्या मार्गदर्शक बाई कडक. म्हणाल्या, "उंट आणायचा नाही. दरवर्षी उंटच बघते मी." माझं डोकंच फिरलं. उंटासारखा आयता प्राणी सोडून दुसरा आणू कुठून?

शेवटी पेठेतल्या रद्दीच्या दुकानात एक जुनं रशियन मासिक सापडलं, गुळगुळीत कागदाचं, इंग्रजीतलं. त्यात तो होता. सायगा. अंगानं हरणासारखा, पण नाक असं फुगीर आणि ओठांवर लोंबणारं, की बनवणाऱ्याची मापात चूक झाली असावी. दुकानदारानं मान वाकडी करून चित्र बघितलं. "ताई, हत्तीचं पोर हाय काय वो हे?" मी पोटभर हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

खोलीवर शब्दकोश घेऊन बसले आणि हसू मावळलं. तो राहतो त्या रशियाकडच्या गवताळ प्रदेशात झाडाचा आडोसा नाही. उन्हाळ्यात कळपाच्या खुरांनी धुळीचे लोट उठतात, ती धूळ नाकातच अडते. हिवाळ्यात सगळं गोठतं, तेव्हा बाहेरची गार हवा त्याच नाकात ऊब घेऊन मग छातीत उतरते. ज्या नाकाला मी हसले, त्याच्याच जोरावर तो जगत होता. पुढे त्याच दशकात नरांची शिंगांसाठी इतकी कत्तल झाली, की ही जातच संपते की काय असं झालं. ते वाचलं तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाईट वाटलं.

पण त्या दिवशी मी अडकले ते शेवटच्या परिच्छेदात. सायगाच्या मादीला बहुधा जुळी होतात. पहिले काही दिवस ती पिल्लांना उघड्या गवतात ठेवून चरायला लांब जाते. ती जवळ उभी राहिली तर लांडग्याला पत्ता लागेल. पिल्लं जमिनीला चिकटून गप्प पडून राहतात. ती दूध पाजायला येते आणि पुन्हा जाते. मी ते परत परत वाचलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पाठ सातवीच्या वर्गावर होता. नाकापाशी मुली खिदळल्या, जुळ्यांपाशी शांत झाल्या. मग मधल्या बाकावरची एक उठली. "बाई, आई सारखी जातीया तर पिल्लास्नी तिची वळख कशी ऱ्हाती?"

उत्तर मासिकात नव्हतं. मी फळा पुसायला वळले आणि वळलेलीच राहिले. मागे बसलेल्या बाईंनी नंतर फक्त पाठीवर हात ठेवला, शेरा काही लिहिला नाही.

त्या शनिवारी गावात पोचले तेव्हा धो धो पाऊस होता. उंबऱ्यात धाकटी उभी होती. मला बघितलं आणि घरात पळत ओरडली, "आय, पावनं आलं!"

माझ्या आईला त्या दोघी आय म्हणत. मी म्हणायचे ते ऐकून शिकलेल्या. आणि मी पाव्हणी. आणलेली बिस्किटं त्यांनी घेतली आणि आजीच्या पदराआड जाऊन खाल्ली. मी घुश्शात आईला म्हणाले, "सांगत नाहीस का त्यांना, मी कोण ते?" आई म्हणाली, "सांगून वळख पटती व्हय?" मला राग आला तो तिचा नव्हता. मला भीती वाटत होती, की वर्ष संपेल, नोकरी लागेल, आणि माझ्या मुली माझ्या राहिलेल्या नसतील.

रविवारी दुपारी पिशवी भरून आत गेले. दोघी घोंगड्यावर झोपल्या होत्या आणि त्यांच्या अंगाखाली माझी हिरवी साडी होती, गेल्या शनिवारी प्रवासात नेसलेली आणि इथेच धुवायला टाकलेली. चिखलाच्या शिंतोड्यांसकट.

"अगं, धुतली का नाहीस?"

"धुतली तर तुझा वास जाईल की," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तुझं लुगडं न्हाय दिलं तर डोळ्याला डोळा लावत न्हाईत. दर आठवड्याला एक ठेवून घेती मी."

मी तशीच त्यांच्याशेजारी आडवी झाले. धाकटीनं झोपेतच नाक माझ्या गळ्याशी आणलं, दोनदा हुंगलं, आणि मुठीतलं लुगडं सोडून माझा पदर धरला. मग थोरली सरकत आली.

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. आईनं दारातून बघितलं आणि हात हलवून कंडक्टरला गाडी पुढं न्यायला सांगितलं.