रिकामी ट्रॉली

“आणि त्या बायका मला वाट्टेल ते बोलतात, ते कोण ऐकणार? तू येणारेस ऐकायला?” शैलाने कणकेची परात ओट्यावर आदळली.

“बोलतात म्हणजे काय होतं हो ताई? अंगाला भोकं पडतात?” हॉलमधून मृणालिनीचा आवाज आला. “दरवर्षी तुमचं हेच. आदल्या संध्याकाळी कुरकुर करायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभं राहायचं.”

“या वर्षी गुडघा सुजलाय माझा.”

“मग क्रेप बँडेज बांधा. सुभाष, आणलंयस ना?”

सुभाष म्हणजे शैलाचा धाकटा भाऊ, मृणालिनीचा नवरा. तो सोफ्यापुढे फतकल मारून नायलॉनच्या मोठ्या पिशव्यांचे बंद ओढून बघत होता. बहीण आणि बायकोच्या मध्ये बोलायची वेळ आली की त्याला असं काहीतरी ओढून बघायचं काम हटकून सापडे. “आणतो की,” तो म्हणाला.

उद्या सव्वीस जानेवारी. हायवेवरच्या मॉलमध्ये वर्षातला सगळ्यात मोठा सेल. मीरा रोडच्या त्या बिल्डिंगमधलं निम्मं जग पहाटेपासून तिथे लोटायचं, पण सामान घेऊन दुपारच्या आत घरी परतणारं कुटुंब एकच, आणि त्याचं कारण शैला. दार उघडलं की सगळी माणसं साखरेकडे, तेलाकडे, चादरींकडे धावायची. शैला तेवढी रिकामी ट्रॉली घेऊन सरळ बिलिंगच्या रांगेत जाऊन उभी राहायची. सुभाष, मृणालिनी आणि त्यांची मुलगी इशिता सामान आणून आणून तिच्या ट्रॉलीत टाकायचे. काउंटर येईपर्यंत ट्रॉली भरलेली. युक्ती मृणालिनीची होती. त्यातलं उभं राहणं शैलाचं.

रांग भराभर सरकली की मागच्यांना पुढे सोडावं लागे, हळू सरकली की मागचे खवळत. “ए मौसी, सामान किधर है? खाली ट्रॉली घुमाने आयी क्या?” मागच्या वर्षी एका बाईने आपली ट्रॉली मुद्दाम तिच्या पोटरीवर ठोकली होती. निळा डाग होळीपर्यंत टिकला. घरी आल्यावर सगळे टॉवेलच्या सेटचे रंग बघत होते.

“आत्या म्हणजे आपला टोकन नंबर आहे,” इशिता मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली आणि स्वतःच हसली.

शैलाचा जन्मच रांगेत गेला होता म्हणायचा. भोईवाड्याच्या चाळीत नळावर तिची कळशी पहिली असे. रॉकेलला ती, रेशनच्या पामतेलाला ती, वडील आजारी पडले तेव्हा हॉस्पिटलात केसपेपर काढायला तीच. सुभाषच्या कॉलेजचा फॉर्म तिनेच आणला, तेव्हा तो घरी झोपला होता. रांगेत पिशवी ठेवून कुठे जायचं नाही, पुढच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, मागच्याचं नाव विचारून ठेवायचं, म्हणजे वेळ पडली तर तो साक्ष देतो, हे तिचे नियम. लग्नाच्या वेळी मात्र रांग तिच्यापर्यंत आलीच नाही. आधी वडिलांचं दुखणं, मग सुभाषचं शिक्षण, मग पत्रिकेतला मंगळ, मग वय. औषधांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिने नोकरी केली. कंपनीने टेलिफोनचा बोर्डच काढून टाकला तेव्हा ती घरी बसली. म्हणजे बसली नाही. आता ती लाइट बिल भरी, गॅसच्या दुकानात जाई, टँकर आला की खाली उतरे.

या वर्षी मात्र ती उद्याच्या रांगेवरून भांडत असली तरी जाणार नाही असं तिच्या मनात नव्हतं. उद्या आणायच्या होत्या झाकणाच्या बरण्या, परवा रविवारी मृणालिनीकडे होणाऱ्या हळदीकुंकवाचं वाण. गेल्या वर्षीचं हळदीकुंकू शैलाने स्वयंपाकघरात काढलं होतं. बाहेर हसणं, अत्तर, बांगड्यांचा आवाज, आणि आत ती मसाला दूध गाळत होती. पण आठवड्यापूर्वी मृणालिनी आपण होऊन म्हणाली होती, “यंदा मी किचनला बाई लावलीय हं ताई. तुम्हांला काही काम नाही.” दुसऱ्याच दिवशी शैला कपाटातली अबोली साडी काढून स्टेशनजवळच्या बाईकडे फॉल-बिडिंगला टाकून आली. काम नाही म्हणजे हॉलमध्ये बसायचं. चारचौघींसारखं. त्यासाठी गुडघ्याचं बघता आलं असतं.

बेल वाजली. पहिल्या मजल्यावरची सुगंधा होती. गाऊनवर ओढणी, हातात रिकामा डबा.

“मृणाल, उद्या आमच्यासाठी तेलाचे दोन पाउच आण हां. आमचे हे काय गर्दीत शिरायचे न्हायत.” तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. “अय्या, शैलाताई! बरं झालं भेटलात. रविवारी चारलाच या हं खाली. आमच्या सासूबाईंना सोबत होईल. एकट्याच असतात, मला सारखं खालीवर करायला लागतं. मृणाल म्हणाली, तुम्ही त्यांच्यासोबत टीव्ही बघत बसाल म्हणून.”

मृणालिनीने सुगंधाच्या हातातला डबा घाईघाईने घेतला. “हो हो, बघू, मी सांगते तुला.”

“आता काय सांगायचं? तू तर कालच सांगितलंस,” सुगंधा म्हणाली, आणि काहीतरी बिनसलंय हे कळून ओढणी सावरत निघून गेली.

शैलाने गॅस बंद केला. तवा तसाच तापलेला होता. ती हात पुसत हॉलमध्ये आली.

“मी रविवारी खाली बसणारेय?”

“ताई, ऐकून घ्या आधी. तुमच्याचसाठी केलंय. बायका करंडा घेऊन येतात आणि तुमच्यापाशी अडतात. लावायचं की नाही, कळत नाही त्यांना. गेल्या वर्षी तुम्ही दूध द्यायला बाहेर आलात तेव्हा चौथ्या मजल्यावरची मला बाजूला घेऊन विचारत होती, ‘यांचं काय?’ मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“मग काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, राहू द्या.”

“सुगंधाच्या सासूचा, शेवंतीबाईंचा नवरा गेला म्हणून त्या खाली. मी का?”

“आता तोंडाने म्हणायला लावू नका हं!” मृणालिनीचा आवाज चढला. “सवाष्णींचा कार्यक्रम असतो तो. मी काही नियम केले नाहीत. आणि तुम्हांला कधीपासून असल्या गोष्टींची हौस आली? जन्मभर तर नाक मुरडलंत.”

“मला कधी कोणी विचारलं म्हणून मी नाक मुरडीन?”

“बाबा, बोला की काहीतरी,” इशिता म्हणाली.

“एका संध्याकाळचा प्रश्न आहे गं ताई,” सुभाष पिशवीकडे बघत म्हणाला. “हिचं एकदा होऊन जाऊ दे. तू मोठी आहेस.”

शैलाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “मृणाल, उद्या त्या बरण्यांना लिमिट किती?”

“माणशी बारा.”

“आणि माणसं किती धरलीस?”

“चार.”

“म्हणजे मी माणसांत आहे.”

“शब्दाला शब्द वाढवू नका! वर्षातून एकदा मी माझ्या मैत्रिणींना बोलावते, त्यातही तुमचं तोंड बघायचं का मी? वीस वर्षं झाली, वीस वर्षं या घरात माझा एक सण तुमच्याशिवाय झाला नाही!”

हे बोलून झाल्यावर मृणालिनीलाच धाप लागली. इशिताने मोबाइल खाली ठेवला. शैलाने चपला पायात सरकवल्या आणि दार ओढून घेतलं.

“जाऊ दे. खाली वॉचमनशी बोलून येईल. पोळ्या तू लाट,” सुभाष म्हणाला.

शैला पहिल्या मजल्यावर सुगंधाकडे थांबली. शेवंतीबाई पलंगावर पाय पसरून आवाज बंद केलेला टीव्ही बघत होत्या. जन्म जवळच्या राई गावच्या शेतात आणि खाडीवर काढलेली बाई, जमिनीवर बिल्डिंग उठल्यावर लेकाबरोबर इथे आलेली, आणि या फ्लॅटमध्ये पाय कुठे ठेवावा हे अजून न कळलेली.

“रविवारी वर यायचंय आमच्याकडे. हळदीकुंकवाला.”

“मना?” म्हातारी उठून बसली. “मना कोन बोलवतंय? मी न्हाय येत. तुजी भावजय बोंब मारंल.”

“मारू दे. मी बोलवतेय.”

“लोका काय म्हंतील?”

“म्हणू देत. आपण दोघी शेजारी बसू, म्हणजे बोलणारीला दोनदा बोलावं लागेल.”

शेवंतीबाई दाराकडे बघून हळूच हसल्या. “आनि कुकू लावायला आली कोन, तं?”

“तुम्हांला हवं असेल तर लावून घ्या. नको असेल तर तिळगूळ घ्या. उपाशी परत यायचं नाही.”

“मंग नेसू काय? माजी सगली लुगडी पांडरट हायत.”

“तीच नेसा,” शैला म्हणाली.

ती वर आली तेव्हा घरात जळक्या पोळीचा वास होता. मृणालिनीने क्रेप बँडेजची गुंडाळी आणि शैलाच्या चपलांची जुनी, मऊ जोडी दाराशी मांडून ठेवली होती. सुभाष गजर लावत होता.

“ताई, पाचला उठवतो हं तुला.”

“उठवू नकोस. उद्या मी येत नाही,” शैला म्हणाली. “रांगेत कोण उभं राहायचं ते तुम्ही तिघं ठरवा. रविवारी मी हॉलमध्ये बसणार आहे, आणि माझ्या शेजारी शेवंतीबाई बसणार आहेत. मी बोलावून आलेय. वाण त्या हिशोबाने आणा.”