तुकडा माझाच कशावरून?

आमचे हे कुलपं-किल्ल्या दुरुस्त करतात. गिऱ्हाईक म्हणालं, किल्ली हरवली, की हे आधी विचारणार, "कुलूप तुमचंच कशावरून?" धंद्यात संशय हवाच, पण माणसानं तो घरी आणावा? दूध उतू गेलं तरी म्हणे, कोणीतरी मुद्दाम गॅस मोठा केला!

लघवीचा त्रास वाढला म्हणून यांच्या प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण काही पेशींची लक्षणं ठीक नाहीत, पुढेमागे बिघडू शकतात. रक्त घेऊन जनुकांची तपासणी करू, म्हणजे धोका किती ते कळेल."

"कॅन्सर नाही, तर तपासणी कशाला?" बाहेर येताच यांनी सुरू केलं. "आणि तो तुकडा माझाच कशावरून?"

"तुमचाच. इतका वाकडा दुसऱ्या कोणाचा असणार?" मी म्हटलं.

शेवटी तुकड्याच्या बाटलीवरचं नाव स्वतः वाचलं, रक्ताच्या नळीवर डोळ्यांदेखत चिठ्ठी चिकटवून घेतली, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली.

दोष निघाला. तोही जन्मजात, आईवडिलांपैकी कोणाकडून तरी आलेला.

"सख्खा भाऊ आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "त्यांनाही तपासायला सांगा. वेळेवर कळलं तर जीव वाचतो."

भाऊ होता, पण असून नसल्यासारखा. सासरे गेल्यावर त्यांच्या किल्ल्या घासायच्या कानशी सापडेनात, तेव्हा यांनी धाकट्या भावावर आळ घेतला होता. तेव्हापासून तोंड पाहिलं नव्हतं एकमेकांचं.

"तो म्हणेल, यात माझा काहीतरी डाव आहे."

"म्हणू देत की! पण सांगा." माझा जीव भाऊजींसाठी तुटत होता.

गेलो. भाऊजींनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. यांनी त्या फटीतूनच सगळं सांगितलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, डॉक्टरांना विचार. पण तपासून घे रे बाबा."

साखळी निघाली. भाऊजी पार वाळले होते, शर्ट अंगावर लोंबत होता.

"मला कॅन्सरच निघाला, दादा. दोन वर्षं झाली. मलाही डॉक्टर म्हणाले होते, भावाला सांगा."

"मग सांगितलं का नाहीस?" हे ओरडलेच.

"तुझ्या दुकानापर्यंत आलो होतो आणि परत फिरलो. तू काय म्हणाला असतास, सांग बरं?"

"काय ढापायला आलास, असंच," हे म्हणाले, आणि उंबऱ्यावरच मटकन खाली बसले.