ठकीचं दूध कोन काढते?

"ठकीचं दूध कोन काढते?"

"निंघते."

"निंघते म्हंजे? आपोआप निंघते? नळ हाये का तो?"

"अवं निंघते म्हनलं ना. तू तुह्या डोळ्याले जप." आणि नवऱ्यानं फोन बंद केला.

सत्यभामाबाई हातातल्या मोबाईलकडे बघतच राहिल्या. बुलढाण्यात लेकीचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बसायला सोफा, पाठीला उशी आणि डोळ्यावर काळा चष्मा. समोर टीव्ही चालू होता पण त्यात काय चाललंय ते विचारू नका, त्यांचं सगळं लक्ष त्या एका शब्दाला चिकटलेलं. निंघते. कसं निंघते? कोन काढते?

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. ऑपरेशन मस्त झालं, त्याबद्दल काही तक्रारच नाही. पण घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या तपासणीपर्यंत वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धूर नको, धूळ नको. सत्यभामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी दिवसभर करू काय?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं आजी गंमत करतायत.

गंमत कसली! मोताळ्याच्या पुढे फाट्यावर उतरून आत चालत गेलं की त्यांचं वावर. वावरातच दोन खोल्या, मागे टीनाचा कोठा, कोठ्यात ठकी म्हैस, तिची दूधपिती वगार, बकऱ्या, आणि कोंबड्या, ज्या एका जागी कधी थांबल्याच नाहीत म्हणून किती आहेत ते आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. माणसं दोनच, त्या आणि नवरा भगवंतराव. आणि त्या घरात सगळंच वाकून असतं. शेण वाकून, चूल वाकून, झाडणं वाकून, अंडं शोधायचं तर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात अर्धं अंग घालून.

आणि खरं सांगू का, सगळी मजा पण त्या वाकण्यातच आहे. कुटारात चाचपडता चाचपडता एकदम गरम अंडं हाताला लागतं ना, साठी उलटून गेलेली ही बाई तेव्हा शाळेतल्या पोरीसारखी खुश होते. बकरी मागून येऊन पदर चघळते, तिला ढकलायचं, ती परत येते, परत ढकलायचं, अर्धी सकाळ त्यातच जाते. धार काढताना म्हशीच्या पोटाला डोकं टेकवलं की आतली गुडगुड ऐकू येते, आणि थंडीत ते पोट असं उबदार असतं की उठूच वाटत नाही. हे असलं सुख कुणाला सांगता येतं का? अनुपमाला, म्हणजे लेकीला सांगायला गेलं की ती म्हणते, "आई, आता तरी आराम कर नं वं."

लेक गुणाची आहे. शाळेत शिकवते, सकाळी निघायच्या आधी आईच्या डोळ्यात थेंब टाकते, पोळी-भाजी झाकून ठेवते, आणि दारातून परत वळून ओरडते, "वाकू नको!" जावईसुद्धा चांगले. वाईट कुणीच नाही, तेच तर वाईट. भांडायलाही जागा नाही. मग बाई गॅलरीत उभ्या राहून कबुतरांना झापत बसायच्या. "काय वं, तुमाले घरदार नाही का?"

आणि मनात ठकी.

ही ठकी म्हणजे एक नंबरची हेकोडी म्हैस. सत्यभामाबाईंशिवाय कुणालाच हात लावू देत नाही. आणि त्यांनाही फुकट नाही! आधी तिला शिव्या पाहिजेत. प्रेमानं बोललं की ठकी ढिम्म. "काय वं सटवे, कोनाची वाट पाहून राह्यली? सोड नं भवाने!" असं दणकून ऐकलं की कान हलवते आणि लगेच पान्हा सोडते. ऑपरेशनला जाताना शेजारच्या वावरातल्या जयमालाला धार काढायला सांगून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिचा फोन. "काकू, तुमच्या म्हशीनं बादली उडवली, मले बी उडवत होती. मी नाही जात बापा आता!"

मग काढते कोण?

दूध काढलं नाही तर कास तुंबते, दुखते, सुजते. वगार पिऊन पिऊन किती पिणार? मग हळूहळू म्हैस आटते. आटलेली म्हैस परत दुधावर आणायची म्हणजे पुढचं वेत व्हायची वाट बघा. सत्यभामाबाईंना हे सगळं पाठ होतं, म्हणून तर जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दिवसातून दहादा फोन लावायच्या.

"ठकी खाते का?"

"खाते."

"सरकीची ढेप भिजू घातली होती का?"

"हाव."

"मले दाखवा तिले. तो व्हिडिओवाला फोन लावा."

"टावर नाही इथी."

टावर नाही! हाच माणूस बाजेवर पडून दुपारभर मोबाईलवर कुस्त्या बघतो, तेव्हा बरा टावर असतो. आणि धारेच्या वेळेला तर फोन उचलतच नाही. काहीतरी लपवून राह्यले, नक्की. म्हैस आटली असणार. नाहीतर आजारी. नाहीतर... विकली तर नाही? भगवंतराव तसे भोळे आहेत, पण भोळ्या माणसाचाच भरवसा नसतो, कुणी गोड बोललं की दावं सोडून हातात देतील.

हा विचार आला आणि झालं. बाई उठल्याच.

दुपारची वेळ, अनुपमा शाळेत, जावई कोर्टात कामावर. पिशवीत डोळ्याचे थेंब टाकले, एक लुगडं टाकलं, कुलूप लावलं आणि समोरच्या दारातल्या बाईंच्या हातात किल्ली दिली. "अनुपमाले सांगजा, आई म्हैस पाह्याले गेली."

"कोणाला बघायला गेली?"

"म्हैस! म्हैस!" आणि जिना उतरायला लागल्या, कारण लिफ्ट यायला वेळ लागतो आणि तेवढं कोण थांबणार.

मलकापूरची एसटी लागलेलीच होती. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "आजी, गॉगल लावून कुठी चालल्या? शूटिंग हाये का?"

"हाव, म्हशीचं हाये. तुले लाथ खाची असन तं तू बी ये."

सगळी गाडी हसली. त्या नाही हसल्या. राजूर घाटात गाडी वळणावळणानं उतरत होती आणि त्या पुढच्या सीटचा दांडा धरून अशा बसल्या होत्या जणू गाडी त्याच ढकलतायत. "काऊन हळू चालवून राह्यला हा," असं दर वळणाला पुटपुटत होत्या. शेजारची बाई म्हणाली, "घाट हाये वं माय." तर म्हणे, "घाटाले काय झालं, रोजचाच हाये तो."

फाट्यावर उतरल्या आणि चालायला लागल्या. धुरळा होता म्हणून पदर नाकातोंडाला लावला, डॉक्टरचं तेवढं तरी ऐकलं. वावराच्या बांधाशी आल्या आणि पाय जरा अडखळले. तूर फुलावर होती. चष्मा थोडा वर केला तर काय ते पिवळं! वर्षभर त्यांना सगळं मळक्या धोतरासारखं दिसत होतं, त्यांना वाटायचं तूर यंदा मरगळलीच आहे. तूर मरगळली नव्हती, डोळा मरगळला होता. तिकडून एक कोंबडी पळाली, इतकी पांढरी की त्यांना आपली आहे हेच पटेना. त्या बघत राहिल्या, पण क्षणभरच, कारण तेवढ्यात कोठ्याकडून ठकी हंबरली.

आहे! आहे म्हैस, विकली नाही! बाई तुरीच्या आडून झपाझपा कोठ्याकडे निघाल्या आणि थबकल्या.

कोठ्यात एक बाई बसली होती.

ठकीच्या पोटाशी, पाठमोरी, डोक्यावरून पदर घेतलेला, धार काढत. आणि अंगावर लुगडं, अरे, लुगडं तर सत्यभामाबाईंचंच! धारेच्या वेळचं हिरवं, काठ विरलेलं, जे कोठ्यातल्या खुंटीवर असतं ते. त्यांच्या डोक्यात जे काय भडकलं! म्हणजे हे होतं तर. म्हणून टावर नाही. मी तिकडं थेंब घालून पडली आणि इकडे कोण ही भवानी माझं लुगडं नेसून माझ्या म्हशीखाली बसली? नवा डोळा धोका तर देत नाही? त्यांनी चष्मा काढून परत बघितलं. बाईच होती. चांगली रुंद पाठीची.

आणि मग ती बाई बोलली.

"काय वं सटवे," घोगऱ्या, भसाड्या आवाजात, "कोनाची वाट पाहून राह्यली? सोड नं भवाने! मुद्दाम करते का? तुह्या मायनं शिकवलं का हे?"

सत्यभामाबाईंनी तोंडावर हात दाबला. भगवंतराव! साठी पार केलेले, गावात कुणापुढे मान वर करून न बोलणारे भगवंतराव, बायकोचं लुगडं नेसून, बायकोच्या आवाजात म्हशीला झापत होते. शिव्या सगळ्या बरोबर, क्रमसुद्धा तोच. मध्येच "हं" करायचं तेही तसंच. आणि चरवीत धार पडत होती, चर्र चर्र, जाड, फेसाची.

हसू असं आलं की पोट दुखायला लागलं. आणि हसता हसता कुठंतरी टोचलंही. आपण इतकं ओरडतो? इतकं? आणि हा माणूस एवढी वर्षं बाजेवर पडून सगळं ऐकत होता, शब्द न शब्द?

वारा फिरला असेल. ठकीनं एकदम मान वळवली, नाक वर केलं आणि तुरीकडे बघून अशी हंबरली की वगार दचकली. दूध थांबलं. अर्धी कास तशीच भरलेली आणि ठकीनं पान्हा चोरला.

"कोन हाये बे तिकडं?" भगवंतराव पदर सावरत उठले, आणि समोर बायको बघून चरवी हातातून निसटता निसटता राहिली. "तू? तू कशी काय आली?"

"पायानं आली. तुमी कोन वं बाई? वळखलं नाही म्या."

"थट्टा नको करू." त्यांचे कान लाल झाले होते. "हिनं दुसरं काही चालूच देल्लं नाही. मी काय करू? लुगड्याचा वास तं लागला तिले, पन सोडेच नाही. मंग बोललो तुह्यासारखा."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

"तू साऱ्या बुलढान्याले सांगतलं असतं! ती जयमाला पाहीन म्हनून फाटकबी लावून घेतो मी."

सत्यभामाबाई पुढे सरकल्या, पदर खोचला. "सरका. द्या ती चरवी."

"नाही."

"नाही म्हंजे?"

"वाकायचं नाही म्हने न डाक्टर." भगवंतराव मध्येच उभे राहिले, लुगड्यासकट. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच.

"अन् हे अर्धं दूध तसंच ठेवता का कासेत? सुजली म्हंजे?"

त्यांनी परत बसून बघितलं. सटवे म्हटलं, भवाने म्हटलं. ठकी ऐकायला तयार नाही. खरी समोर उभी असताना ती नकली कशाला ऐकेल? नुसती सत्यभामाबाईंकडे बघत उभी, पाय आपटत. बाईंना राहवेना, हात शिवशिवत होते, वाकल्याच होत्या अर्ध्या की भगवंतराव ओरडले.

"बस वं त्या बाजेवर! अन् बोल तिले. काढतो मी."

"मी नुसतं बोलू?"

"तोंडाले काही मनाई नाही केली डाक्टरनं."

त्या बसल्या. बाजेच्या कडेवर, कधीही उठता येईल अशा. आणि सुरू झाल्या. "काय वं ठके, लाज नाही वाटत? मानसाले लुगडं नेसवलं तू! जयमालाले लाथ मारली? थांब, मी बरी होऊ दे..." ठकीचे कान हलले. कासेत पान्हा उतरला. चर्र. चर्र. फेस चरवीच्या काठाकडे चढू लागला.

जरा वेळानं शिव्या संपल्या. बाई गप्प झाल्या, तशी धारही बारीक झाली.

"थांबू नको!" भगवंतराव खालून म्हणाले. "बोल काहीबी."

"आता काय बोलू?"

"तिकडचं सांग तिले."

मग त्या ठकीला बुलढाणं सांगायला लागल्या. लिफ्ट सांगितली, कबुतरं सांगितली, पाकीट कापून ओतायचं दूध सांगितलं. आवाज आपोआप खाली आला, ओरडायचा राहिला. "लेक लय जीव लावते वं, खोटं काऊन बोलू. पन सकाळी जाग आली की कायचाच आवाज नाही. कोंबडा नाही, तू नाही. ह्या मानसाचं खोकलनं बी नाही. घरी असली की मीच म्हनतो, खोकलू नका बापा, डोकं उठते. अन् तठी फोन लावला की मी पह्यले तेच आयकत होती, हे खोकलतात का. खोकलले की बरं वाटे."

चरवीतला आवाज बंद पडला. भगवंतराव ठकीच्या पोटाला डोकं टेकवून बसले होते, मान वर करत नव्हते.

"थांबले काऊन?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "काढा नं. ते मागचं सड राह्यलं अजून."