फ्रान्समधली पाच गावं

अबू धाबीत अल रीम आयलंडवर मित्राकडे जेवायला गेलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी नावगाव सांगण्याआधीच फोन पुढे केला. "फ्रान्समधली पाच गावं आम्ही दोघांनी एका दिवसात केली, खलास!" प्रत्येक फोटो ते दोन बोटांनी मोठा करून दाखवत होते. दगडी घरं, अरुंद बोळ, दारात बसलेली म्हातारी.

"तुमचं गाव कुठलं?" मी विचारलं.

"साताऱ्याकडे. पण तिथे काय बघायचं? पडकी घरं आणि शेणाचा वास!"

समोर त्यांची बायको भात कालवत होती. ती शांतपणे म्हणाली, "वास तिकडेही शेणाचाच होता. तिकडे मात्र ह्यांनी डोळे मिटून छातीभर घेतला."

गृहस्थांनी घाईघाईने फोटो पुढे सरकवला. पुढच्या फोटोत ते गाईच्या गळ्यात हात टाकून हसत होते.