कुरणाखालची गढी

इंग्लंडमध्ये लेस्टरपासून तासाभरावरच्या एका खेड्यात आम्ही सात वर्षं काढली. नवरा जवळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी पुण्यात शाळेत संस्कृत शिकवत होते, इथे आल्यावर नुसती घरी. शेजारी एक निवृत्त हेडमिस्ट्रेस राहायच्या. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणे. गावाचा मध्ययुगातला इतिहास लिहायचा, हा बाईंचा ध्यास. पण घोडं मॅनरपाशी अडलं होतं. मॅनर म्हणजे आपल्याकडच्या गढीसारखं, गावच्या जहागीरदाराचं घर. कागदांत ते पदोपदी भेटायचं, जमिनीवर मात्र कुठेच नव्हतं.

एकदा त्यांच्या टेबलावर एका लॅटिन दस्तऐवजाची नक्कल पडली होती. एकच शब्द, पण शेवट दर वेळी निराळा.

"या विभक्त्या आहेत का?" मी विचारलं.

"तुम्हाला लॅटिन येतं?"

"नाही. पण संस्कृतात आठ विभक्त्या असतात."

"मग आमच्या सहांचा तुम्हाला काय त्रास!" म्हणत त्यांनी शाळेतलं एक जुनं व्याकरण माझ्या हातात कोंबलं.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही दोघी बसने जुनी दफ्तरं बघायला रेकॉर्ड ऑफिसला जायला लागलो. त्या काळचे लिहिणारे कारकून अर्धे शब्द खाऊन टाकत, तरी दोन हिवाळ्यांत माझी नजर सरावली. एके दिवशी एक ओळ लागली: चर्चच्या पूर्वेला घर, कबुतरखाना आणि माशांचं तळं. मी इतक्या जोरात "बाई!" म्हणाले, की अख्खी खोली वळून बघायला लागली.

चर्चच्या पूर्वेला होतं ते फक्त गाईंचं कुरण. त्याचा मालक शेतकरी हसला. "मॅनर म्हणजे माझंच घर. आजोबा सांगायचे." त्याचं घर पश्चिमेला होतं, पण आजोबांपुढे कोण बोलणार?

मग वसंतात एक गंमत झाली. पालेभाजी हवी तर लेस्टर गाठावं लागे, म्हणून मी रबरी हातमोजे घालून कुरणात नेटल नावाच्या खाजऱ्या रानरोपाची पानं खुडायला जाई. हाताला लागलं तर आग होते, पण लसूण घालून डाळीच्या पिठावर पातळभाजी झकास होते. बाई जेवायला आल्या तेव्हा मी सहज म्हणाले, "हे नेटल तिथे कसं सरळ ओळीत उगवतं. कोपरेसुद्धा आहेत."

बाईंचा चमचा हवेतच थांबला. "माणसं आणि गुरं पिढ्यानपिढ्या जिथे राहिली, तिथल्या मातीत नेटल माजतं. कुठे, दाखवा!"

भाजी तशीच टाकून आम्ही निघालो. कपडे वाळत घालायच्या दोरीने दोघींनी त्या ओळींखालचे उंचवटे मोजले. शेतकरी फाटकावर रेलून बघत होता. "तण आहे ते, बायांनो," एवढंच म्हणाला.

पुढचा उन्हाळा शहात्तरचा. पाऊसच नाही. हिरवळ करपायला लागली. एका सकाळी तोच शेतकरी आमच्या दारात उभा, हातात टोपी. "चर्चच्या मनोऱ्यावरून तुम्ही एकदा बघाच. मी किल्ली आणलीय."

बाईंचे गुडघे धरलेले. त्या खाली थडग्यांमधल्या बाकावर कागद घेऊन बसल्या, आणि मी साडी खोचून त्याच्यामागून तो अरुंद जिना चढले. वर पोचले आणि बघतच राहिले. पुरलेल्या भिंतींवरचं गवत आधी वाळलं होतं. कुरणात पिवळ्या रेघांनी घराचा नकाशा उमटला होता.

"काय दिसतंय?" खालून हाक आली.

"मोठा दिवाणखाना! उत्तरेला दोन खोल्या! एक गोल… कबुतरखाना असणार!"

"भिंत किती जाड? नीट सांगा!"

मी ओरडत होते, बाई रेघा ओढत होत्या. शेतकरी कठड्यावरून वाकून बघत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या गाई इतकी वर्षं जहागीरदाराच्या दिवाणखान्यात चरत होत्या." आणि इतका हसला, की मलाही आवरेना.

खाली आले तेव्हा बाईंच्या मांडीवर अख्खं मॅनर तयार होतं, फक्त शेवटची भिंत थोडी थरथरली होती. त्या डोळे पुसत होत्या आणि पापण्यांत धूळ गेली म्हणत होत्या.

हिवाळ्यात नवऱ्याची बदली लीड्सला झाली. बाई तिथेही पोस्टाने लॅटिनच्या नकला पाठवत राहिल्या. सोबत एकच ओळ असायची: "पाचवी विभक्ती तपासा."